अकरा सेकंदांची शांतता

सोमवार, २७ ऑक्टोबर १९५२

आजपासून मी टेलिव्हिजनमध्ये. बाबांना अजून कळवलेलं नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे मी ब्रिस्टलला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षात, कुणा परक्याच्या दंडाचे स्नायू सोलत बसलो आहे. कॉलेज सोडून सहा आठवडे झाले. का सोडलं ते एकदाच लिहून टाकतो. मे महिन्यात ऊना पॅस्कोचं नाटक ब्रिस्टलला आलं होतं. खेळ संपल्यावर मी मागच्या दाराशी उभा राहिलो आणि ती म्हणाली, "लंडनला आलास तर भेट हं, राजा." मी आलो.

इथे तिच्या नाटकाला माणूस हवाय हेही मला तिच्याकडूनच कळलं. म्हणजे ती दुसऱ्या कुणाला सांगत होती, मी शेजारी उभा होतो.

काम प्रॉम्प्टरचं. नाटकाची वही धरून बसायचं, नट अडला की वाक्य पुरवायचं. थिएटरात करतात तसंच, फक्त इथे नाटक जसं घडतं तसं त्याच क्षणी लाखो घरांत जातं, आणि माझी कुजबुजही जाईल. म्हणून माझ्या हाताशी एक कळ असते. ती दाबली की देशभरातल्या संचांचा आवाज बंद. दाबायची, वाक्य सांगायचं, सोडायची. रविवारी एकदा नाटक, आणि गुरुवारी तेच नाटक, तेच नट, पुन्हा पहिल्यापासून. फिल्मबिल्म कुणी काढत नाही.

दिग्दर्शन मिस हेस्टर ब्लॅकलॉक यांचं. सगळे त्यांना बाई म्हणतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, कोट पुरुषी, बोलणं कमी. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "घड्याळ आहे?"

"आहे."

"सेकंदकाटा?"

तो नव्हता. "उद्या असलेलं आण," म्हणाल्या आणि गेल्या. माणसाला नाव विचारायची पद्धत असते.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

तालीम एका कवायतीच्या हॉलात चालते. जमिनीवर चिकटपट्ट्यांनी भिंती आखल्या आहेत. निळी पट्टी स्वयंपाकघर, पिवळी बाहेरची खोली. पट्टीवरून कुणी चाललं की बाई म्हणतात, "भिंतीतून गेलात," आणि तो माणूस मुकाट्याने मागे जाऊन दारातून येतो.

नाटक छोटं आहे. एक आंधळा म्हातारा बाप, त्याची मुलगी, आणि बोटीवर गेलेला धाकटा मुलगा. मुलाचं म्हणून एक पत्र येतं. मुलगी फोडते. ते कप्तानाचं असतं, मुलगा बुडाला. बाप विचारतो, "काय लिहितोय?" मुलगी गप्प राहते. मग म्हणते, "हवा छान आहे म्हणतो." बस्स. नाटक त्या गप्प राहण्यावर उभं आहे.

बाप झालेत मि. ऑब्री फेन. चाळीस वर्षं थिएटर केलेला माणूस. "पाणी दे" म्हणाले तरी गच्चीवरची कबुतरं उडतील. बाई त्यांना सारख्या सांगतात, "मि. फेन, तुमचा प्रेक्षक शेवटच्या रांगेत नाही. तुमच्या गुडघ्याशी बसलाय."

"मग त्याला जरा लांब बसायला सांगा की," ते म्हणाले.

मुलगी अर्थात ऊना. आज मला तिसऱ्यांदा 'राजा' म्हणाली. कॅमेरावाल्या विल्फ क्रॅबलाही म्हणते, पण तो सूर वेगळा.

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज विल्फने कॅन्टीनमध्ये बाईंची हकीकत सांगितली. लढाईआधी, टेलिव्हिजन जेमतेम काही हजार घरांत होतं तेव्हा, त्या टेकडीवरच्या स्टुडिओत टंकलेखिका होत्या. एकदा ऐन दुपारी दिग्दर्शकाचं अपेंडिक्स उठलं. त्याला गाडीत घालत होते तोवर बाई त्याच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि अख्खं नाटक काढलं.

"कुणाला विचारून?" मी म्हटलं.

"कुणाला विचारलं असतं तर बसू दिलं असतं काय रे, कॉलेजवाल्या?"

त्यांनी कॅमेरे माणसांच्या तोंडाशी नेले. तोवर सगळे लांबून रंगमंच दाखवायचे. मग लढाई आली, टेलिव्हिजन बंद. बाई हवाई दलाच्या नकाशाच्या खोलीत. परत आल्या तर म्हणे पाककृतींचे कार्यक्रम करा, विणकाम करा, गुलाबाची छाटणी करा. सहा वर्षं तेच. हे नाटक मिळालं तेही दुसऱ्या कुणाचं गळलं म्हणून. आणि नाट्यविभागाचे मुख्य मि. रॉस्किल यांनी स्वच्छ सांगितलंय, हे जमलं नाही तर बाईंनी पुन्हा गुलाब धरायचे.

"आणि जमलं तर?"

विल्फने सॉसेज मोडलं. "तर माझी कंबर मोडणार. त्या गप्प राहण्यात मला सहा फुटांवरून दीड फुटावर आणतायत बाई. चाकांचा आवाज न करता. चाकांना रोज वॅसलीन लावतोय मी."

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज माझं डोकं फिरलं. ऊना त्या जागी अडकली. नुसती गप्प नव्हे, खरीच अडकली. बाईंनी 'अकरा सेकंद' ठरवलेत, पण पंधरा झाले, वीस झाले, मग तिने तोंड झाकलं आणि रडू लागली. नंतर जिन्यात मला म्हणाली, "मला असं लटकत सोडू नकोस रे. शब्द दे." मी शब्द दिला. तिचा हात थंड होता. रूपर्टलाही तिची अशीच काळजी वाटते म्हणाली. हा रूपर्ट तिचा भाऊ असावा.

विल्फ मागून येत होता. म्हणाला, "मोठी नटी झाली ही, वाक्य एक आणि रडं तीन." मी त्याला ढकललं. तो स्वयंपाकघराच्या भिंतीतून, म्हणजे जिन्याखाली आणून ठेवलेल्या खऱ्या, रंगवलेल्या कापडाच्या भिंतीतून, आरपार गेला. बाई मला ओरडल्या नाहीत. ब्रश दिला. बाहेर सगळं लंडन ५ नोव्हेंबरच्या सणाच्या शेकोट्या पेटवत होतं आणि मी कापडावर विटा रंगवत होतो. विल्फ शेजारी बसून डबे ढवळत होता आणि सांगत होता, "ती वीट वाकडी आली बघ."

सोमवार, १० नोव्हेंबर

बाईंनी मला एकट्याला बोलावलं. त्यांच्या वहीत प्रत्येक चित्राला आकडा आहे. पत्राच्या जागी ११२. "इथे तुझी कळ मेलेली आहे असं समज. मी सांगेन तेव्हाच दाबायची. हेडफोनवर मी तुझ्या कानात असेन."

"पण ती अडकली तर?"

"तर अडकू दे. मी बघेन."

मला हे क्रूर वाटलं आणि मी तसं म्हटलं.

"खोलीत घड्याळ टिकटिकतंय ना?" त्या म्हणाल्या. "मुलगी गप्प आहे, पण खोली गप्प नाही. लोकांना ती टिकटिक ऐकू यायला हवी. तू कळ दाबलीस तर ती पण जाते. मग ते गप्प राहणं नाही, संच बंद पडणं."

मला पटलं नाही. घड्याळ महत्त्वाचं की माणूस?

सोमवार, १७ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही.

काल रात्री साडेआठला सुरू झालं. ऑब्री फेन चक्क हळू बोलले. सगळं नीट चाललं होतं. मग ११२. ऊनाने पत्र फोडलं. विल्फ पायांत बूट न घालता नुसत्या लोकरी मोज्यांवर कॅमेरा ढकलत होता. बाई माझ्या कानात मोजत होत्या. चार. पाच. ऊनाचा ओठ हलला. सहा. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं. मला जिना आठवला, तिचा थंड हात आठवला. सात.

मी कळ दाबली आणि वाक्य सांगितलं.

ती अडकलेली नव्हती. ती जिथे असायला हवी तिथेच होती. माझा आवाज ऐकून दचकली आणि तिने माझ्याकडे बघितलं. दीड फुटावर कॅमेरा. अख्ख्या देशाने तिला बाजूला बघताना बघितलं. मग "हवा छान आहे म्हणतो" हे तिने असं म्हटलं, की जणू बसच्या रांगेत उभी आहे.

कानात बाई शांतपणे म्हणाल्या, "११३. तीन नंबर कॅमेरा, तयार रहा."

फोन आले, शेकड्यांनी. लोकांना वाटलं संच बिघडला. कुणी उठून बटणं फिरवली, कुणी वरून थापट्या मारल्या. त्या गडबडीत वाक्य कुणी ऐकलंच नाही.

ऊना रंग पुसत होती. मी दाराशी गेलो. म्हटलं, तू शब्द घेतला होतास.

"मी प्रत्येक प्रॉम्प्टरकडून घेते, राजा," ती म्हणाली. आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "मला भीती वाटते, म्हणून घेते. तो पाळायचा नसतो." मग म्हणाली, "तीन आठवडे मी त्या जागेला घाबरत होते. आज पहिल्यांदा घाबरले नव्हते."

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चौकशी झाली. मि. रॉस्किलच्या सेक्रेटरीकडून कळलं: बाईंनी लिहून दिलंय की खूण त्यांच्याकडूनच चुकून गेली. माझं नावच नाही. मला ऐकून संताप आला. म्हणजे मी इतका क्षुल्लक की माझी चूकसुद्धा माझी धरायची नाही? त्यांनी खूण दिलीच नव्हती. विसरल्या असतील, नाहीतर या खात्यात आपल्याशिवाय कुणी काही करू शकतं हेच त्यांना मान्य नाही.

मी तडक रॉस्किलसाहेबांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं की चूक माझी, बाईंनी मला बजावलं होतं, तरी दाबली.

साहेब पाइप साफ करत होते. "म्हणजे मिस ब्लॅकलॉक यांनी मला लेखी खोटं सांगितलं?"

मी म्हटलं, तसं नाही.

"मग कसं?"

साहेबांनी पाइप टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "गुरुवारी मी वर काचेच्या खोलीत त्यांच्या शेजारी बसणार आहे. त्यानंतर ठरवू." मी बाहेर आलो तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी आगीत तेल ओतून आलो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बाई आज पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या.

"तुला खरं बोलायची हौस आली होती तर आधी मला विचारायचंस. दोन ओळी लिहून मी ते प्रकरण मिटवलं होतं. विभागात माझ्या माणसांवर कुणी बोट ठेवत नाही, ते का, ठाऊक आहे? कारण सगळी बोटं माझ्यापाशीच थांबतात."

मी म्हटलं मी राजीनामा देतो.

"दे. शुक्रवारी. उद्या वही तुझ्याच हातात."

मला खरंच कळेना. म्हटलं, दुसरा कुणीही चालेल.

"दुसरा चालणार नाही. मि. फेन अडखळण्याआधी डोकं डावीकडे झुकवतात की उजवीकडे?"

"झुकवत नाहीत. वाक्याच्या आधीचा श्वास दोनदा घेतात."

"हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? मलाही नव्हतं." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "माणूस हुशार असून चालत नाही, त्याने तीन आठवडे बघितलेलं असावं लागतं. जा, जेव."

जेवताना ऊना समोर येऊन बसली. तिच्याबरोबर एक उंच, लाजरा माणूस होता. रूपर्ट. नॉर्विचला दाताचा दवाखाना आहे. मार्चमध्ये लग्न. त्याने माझा हात हातात घेऊन सांगितलं की ती तुमच्याबद्दल फार चांगलं बोलते. मी म्हटलं, अभिनंदन. हेरिंग माशाचा काटा घशात अडकला होता, त्यामुळे जास्त बोलता आलं नाही.

विल्फने मला त्याची पुडिंगची वाटी सरकवली. साखरेच्या रेशनच्या दिवसांत हे करणारा माणूस चांगला असतो, हे मला आधी कळायला हवं होतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

हे घरी आल्या आल्या लिहितो आहे, कोट अंगातच आहे.

रॉस्किलसाहेब वर बसले होते. खालून काचेत त्यांचा पाइप दिसत होता. ऊना माझ्या जवळून गेली तेव्हा मीच म्हटलं, "आज माझ्याकडे बघू नकोस. मी तुला काही देणार नाही." ती हसली.

११२ आलं. पत्र फोडलं. मी कळीवरचा हात काढून वही दोन्ही हातांनी छातीशी धरली. बाई मोजत होत्या. सात. तिचे डोळे भरले. आठ. मला रविवारी वाटलं होतं की ती मदत मागते आहे. आज नीट बघितलं, तर ती बापाकडे बघत होती. त्याला काय सांगू आणि काय नको, याचा विचार करत होती, आणि माझा त्यात कुठेही संबंध नव्हता. नऊ. दहा. अकरा.

ती बोलली नाही.

बाईंनी मोजणं थांबवलं. कानात फक्त त्यांचा श्वास. आणि खोलीतलं घड्याळ. टिक, टिक. विल्फ जवळजवळ तिच्या मांडीत जाऊन बसला होता. बारा. तेरा. कोणत्याही क्षणी बाई 'दाब' म्हणतील असं वाटत होतं. त्या म्हणाल्या नाहीत.

"हवा छान आहे म्हणतो," ऊना म्हणाली, अगदी सहज.

आता ऑब्री फेन. "मग खिडकी उघड" एवढंच वाक्य. त्यांनी श्वास घेतला. आणि पुन्हा घेतला.

ते ऐकत बसले होते. म्हातारा तिच्या त्या वाक्यात इतका बुडाला की आपलं विसरला. चेहरा कोरा. रविवारची कळ, त्यानंतरचं सगळं, डोक्यात एकदम वाजलं, आणि बाईंनी काही म्हणायच्या आत मी दाबली, "मग खिडकी उघड," आणि सोडली. एवढंच. घड्याळाची एक टिक गेली असेल.

"मग खिडकी उघड," ऑब्री फेन म्हणाले. हळूच. गुडघ्याशी बसलेल्या माणसाला सांगावं तसं.

कानात बाई म्हणाल्या, "११३." मग जरा थांबून, "बरं केलंस." ते मला होतं की विल्फला, माहीत नाही.

संपल्यावर फेन माझ्याकडे आले, डोळे पुसत. "पोरा, मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याचं वाक्य ऐकलं. वाईट सवय आहे. कामात अडचण येते."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

राजीनामा लिहून नेला होता. बाईंनी तो उलटा करून त्याच्या पाठीवर पाव, किपर मासे, शाई अशी यादी केली. त्यांच्या टेबलावर कागद दुसरा मिळाला नसेल.

फोन आले ते आठ. सात जण विचारत होते, तो मुलगा खरंच बुडाला का.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रॉस्किलसाहेबांची चिठ्ठी आली. एका ओळीची. बाईंनी उभ्यानेच वाचली, पर्समध्ये टाकली, आणि विल्फला म्हणाल्या, "अठरा जानेवारी. दीड तास. नऊ माणसं एका टेबलाशी जेवतात आणि सगळी एकदम बोलतात."

"नऊ माणसं चार कॅमेऱ्यांत बसत नाहीत, बाई."

"नाही बसत," त्या म्हणाल्या. पंधरवड्यात पहिल्यांदा हसल्या. विल्फ वॅसलीन शोधायला निघून गेला.

मला त्यांनी नव्या नाटकाची वही दिली. "तुझं कॉलेज कधी सुरू होतं?"

"जानेवारीत."

"मग आजच वाचायला घे. म्हणजे काय सोडतोयस ते कळून सोडशील. कॉलेज की नाटक, कुठलंही."

बसच्या वरच्या मजल्यावर बसून वाचत होतो, तर शेवटचा थांबा आला आणि कंडक्टरने मला उठवलं. झोपलो नव्हतो. बत्तिसाव्या पानावर आई मुलाला भाजी वाढते आणि लगेच बोलते. मला वाटलं तिने लगेच बोलू नये. पेन्सिलीने मार्जिनमध्ये लिहिलं: इथे थांबेल?

घरी येऊन बाबांना पत्र लिहिलं. चार पानं. सगळं खरं. ऊनाचं सोडून, कारण त्याचा आता कशाशी संबंध नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी बाईंनी माझी वही पानांचे आकडे जुळवायला मागून घेतली. दुपारी परत दिली. फोनवर होत्या, नऊ खुर्च्यांवरून कुणाशी तरी भांडत.

बत्तिसावं पान उघडलं. माझं वाक्य तसंच होतं. त्यांनी फक्त प्रश्नचिन्ह खोडलं होतं, आणि पुढे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पाच सेकंद'.

मी सहा म्हटलं असतं. उद्या भांडेन.